उन्हाळी चित्रपट-शिबिरे आणि आपली मुले

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात गंगापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या गौरवानंतर पालकांसाठी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. शिष्यवृत्त्या, स्पर्धा-परीक्षा, विवाहातील अनाठायी खर्च या विषयांवर या व्यासपीठावरून अधिकारी वक्त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. आम्ही आज जो विषय घेतला आहे तो प्रथमदर्शनी काहीसा हलका वाटेल. परंतु तो तसा नाही, हे शेवटी आपणांस पटेल अशी आशा आहे.

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की पोहण्याचे वर्ग, संस्कारवर्ग, चित्रकलेचे वर्ग यांच्या जोडीने ‘मुलांसाठी चित्रपटनिर्मिती शिबिर’ अशा जाहिराती हल्ली पालकांच्या मोबाइलवर येऊ लागल्या आहेत. छत्रपती संभाजीनगर आपल्याला जवळ. पुण्या-मुंबईस आपले आप्त राहतात. त्यामुळे मुले हट्ट धरतात आणि पालक आमच्यासारख्या जुन्या शिक्षकाकडे येऊन विचारतात, ‘गुरुजी, पाठवावे की न पाठवावे?’ विचारणाऱ्यांचे दोन वर्ग आम्हांस दिसले. एकास वाटते की सिनेमाच्या नादाने मुलगा वाया जाईल. दुसऱ्यास वाटते की आठ दिवसांत मुलगा पडद्यावर झळकेल. आमच्या मते दोघांचीही समजूत चुकीची आहे, आणि दुसऱ्याची अधिक धोक्याची आहे.

प्रथम हे शिबिर म्हणजे काय ते पाहू. चांगल्या शिबिरात मुलांचे लहान लहान गट करतात. प्रत्येक गट स्वतःची एक गोष्ट रचतो, ती कागदावर प्रसंगवार लिहितो, कोणत्या प्रसंगी कॅमेरा कोठे ठेवावयाचा याची चौकटी-चौकटींत चित्रे काढतो, मग चित्रण करतो, आवाज मुद्रित करतो आणि अखेरीस तुकडे जोडून तीन-चार मिनिटांचा लघुपट सिद्ध करतो. या शेवटच्या कामास संकलन म्हणतात. गटातील एक मूल दिग्दर्शक, एक कॅमेऱ्यापाशी, एक ध्वनीकडे, एक नोंदवहीकडे, आणि दुसऱ्या दिवशी कामे बदलतात. म्हणजे अभिनय हा या उद्योगाचा एक लहानसा भाग होय. ज्या शिबिरात सर्व मुलांना केवळ आरशासमोर संवाद म्हणावयास लावतात, ते अभिनयाचा वर्ग असेल. चित्रपटनिर्मितीचे शिबिर नव्हे.

हे घरंदाज माणसांचे काम नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी दादासाहेब फाळके यांचे घर आठवावे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या या गृहस्थाने ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आणला. तो एका कुटुंबाच्या श्रमांतून उभा राहिला. पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या पट्टीस छिद्रे पाडीत, ती रसायनांत धुवीत आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही पाहत. रोहिदासाची भूमिका त्यांच्या मुलाने, भालचंद्राने केली. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. पण या सर्वांच्या अगोदरची एक गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. मोठा चित्रपट काढण्यापूर्वी दादासाहेबांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा मांडला आणि अंकुर फुटून वेल होईपर्यंत एकेक चित्र घेतले. ती वाढ पडद्यावर क्षणांत झालेली पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला.

हा प्रयोग आज आपल्या घरी कोणतेही मूल करू शकेल. वाटीत ओल्या कापसावर हरभरा ठेवावा. मोबाइल एका जागी पक्का बसवावा. दिवसा दर तासाला एक याप्रमाणे रोज १२ छायाचित्रे १० दिवस घ्यावीत. एकूण १२० झाली. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे दाखवितो. म्हणजे दहा दिवसांच्या चिकाटीचे फळ पडद्यावर अवघे ५ सेकंद! याच हिशेबाने पाच मिनिटांच्या लघुपटास ७,२०० चित्रे लागतात. हे गणित मुलास एकदा स्वतःच्या हाताने करू द्यावे. सिनेमा म्हणजे मौज, ही कल्पना त्या दिवशी गळून पडते आणि सिनेमा म्हणजे काम, हे त्यास कळते. शिबिराचे शुल्क भरण्यापूर्वी मुलाची ही परीक्षा अवश्य घ्यावी. दहा दिवस जो तासाला उठून छायाचित्र घेतो, त्याला पाठविण्यास हरकत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या शिबिरापासून मुलाला मिळावयाचे सर्वांत मोठे धन कोणते? आमचे उत्तर असे की, चित्र कसे घडविले जाते हे कळले म्हणजे चित्राने फसणे कमी होते.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला. त्याच्यापुढे एकदा सूपची थाळी जोडली, एकदा शवपेटी जोडली. प्रेक्षकांना पहिल्या वेळी त्याच्या मुखावर भूक दिसली, दुसऱ्या वेळी शोक दिसला. चेहरा तोच होता. अर्थ जोडणीने आला.

ही गोष्ट परदेशची आणि जुनी म्हणून सोडून देऊ नये. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा आपल्या देशात मोबाइलवरून पसरल्या. त्यांत एक चित्रफीत फार फिरली. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. वस्तुतः ती कराचीतील एका जागृती-मोहिमेची चित्रफीत होती. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून देतात आणि पालकांनी सावध राहावे असा फलक दाखवितात. कोणी तरी तो शेवट कापून टाकला. अशाच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार केले. भिक्षा मागून पोट भरण्यासाठी ती माणसे मंगळवेढ्याकडून आली होती. बंधुभगिनींनो, चित्रफितीचा शेवट कापावयास काही क्षण पुरतात. अफवेने गेलेले जीव परत येत नाहीत. आता तर माणसाचा चेहरा आणि आवाज संगणकाने हुबेहूब बनविता येतो. अशा काळात ज्या मुलाने स्वतः तुकडे जोडले आहेत आणि कापले आहेत, ते मूल मोबाइलवर काही आले की विचारते, ‘याच्या आधी काय होते? नंतर काय होते? हे कोणी आणि का कापले?’ असे एक मूल घरात असले तर सगळे घर शहाणे होते. आम्ही हे शिबिर शिक्षणात मोजतो ते याच कारणासाठी.

आता व्यवहाराच्या गोष्टी. शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी चालकांना स्पष्टपणे काही प्रश्न विचारावेत. शिकविणारे कोण, आणि त्यांनी स्वतः केलेले काम पाहावयास मिळेल काय? एका शिक्षकामागे मुले किती? कॅमेरा प्रत्यक्ष मुलांच्या हाती किती वेळ राहील? मागील वर्षी मुलांनी केलेले लघुपट दाखवाल काय? हे लघुपट पाहताना एक खूण ध्यानात ठेवावी. ते फारच गुळगुळीत असतील तर काम मोठ्यांनी केले असे समजावे. थोडे हलणारे, थोडे अडखळणारे असतील तर ते मुलांचे. शिबिर निवासी असल्यास मुलींसोबत जबाबदार स्त्री-पर्यवेक्षक आहे की नाही, हे पाहिल्यावाचून संमती देऊ नये. शिबिर सुरू असताना पालकास कोणत्याही वेळी येण्यास मज्जाव असेल, तर तेथे मूल ठेवू नये. काही अनुचित घडल्याची शंका आली तर १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक आहे, तो मुलांनाही पाठ असावा.

महागडा कॅमेरा विकत घेण्याची मुळीच गरज नाही. घरातला मोबाइल पुरतो. मात्र चांगल्या चित्रणाच्या एका मिनिटास साधारणपणे साठ ते दीडशे मेगाबाइट जागा लागते. म्हणून मोबाइल रिकामा करून द्यावा. नाही तर ऐन चित्रणाच्या वेळी जुन्या लग्नांची छायाचित्रे पुसत बसण्याची पाळी येते! आणि आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा बाहेरचे चित्रण सकाळी आणि सायंकाळीच करावे. प्रकाशही त्याच वेळी सौम्य आणि सुंदर असतो. दुपार संकलनासाठी आहे.

मुलांचा लघुपट पुढे कोठे दाखविला जाणार, हेही लेखी घ्यावे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती हवी, अशी तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात आहे. शिबिराने मुलाचे चित्र स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरावे की नाही, हे आपण ठरवावयाचे आहे. छापील कागद न वाचता त्यावर सही करू नये.

आणि जो चालक सांगेल की ‘शिबिर करा, मालिकेत काम देतो, आधी छायाचित्रांच्या संचाचे पैसे भरा,’ त्याला दुरूनच नमस्कार करावा. खरोखरीचे काम मिळालेच, तर कायदा काय म्हणतो ते जाणून घ्यावे. २०१६ साली सुधारलेल्या बालकामगार कायद्याने आणि २०१७ च्या नियमांनी चौदा वर्षांखालील मुलास कलावंत म्हणून काम करण्याची मुभा दिली आहे, पण अटी घालून. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून ३ तासांहून अधिक काम घेता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी. मिळकतीचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. मुलाच्या इच्छेविरुद्ध तर काहीच नाही. आणि ती इच्छा पालकांनीही मानावयाची आहे.

ग्रामीण भागाच्या मुलांना यात स्थान नाही, असे मात्र समजू नये. ‘फँड्री’मधील सोमनाथ अवघडे आणि ‘नाळ’मधील श्रीनिवास पोकळे या मुलांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे दोन्ही चित्रपट आपल्याच खेड्यापाड्यांचे आहेत. मुलांना विषय शोधण्यास दूर जावे लागत नाही. कायगावचा गोदा-प्रवरा संगम, लासूर स्टेशनचा बाजार, वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जाणारे बाबा, आजीची गोधडी, कापूस वेचणाऱ्या बायकांची न्याहारी यांतील प्रत्येक विषयात तीन मिनिटांची गोष्ट आहे. वेरूळ-देवगिरीस चित्रण करण्याची हौस असेल, तर तिवई लावण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या परवानगीची चौकशी करावी. आणि ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याला विचारूनच घ्यावे, हा पहिला धडा गरीब माणसाच्या बाबतीत तर विशेष पाळावा.

एक शेवटची आणि आमच्या मनाला लागलेली गोष्ट. शिबिराबद्दल विचारावयास येणारे पालक बहुतेक मुलासाठी येतात. मुलीचे नाव काढले की म्हणतात, ‘तिला काय करायचे आहे कॅमेरा घेऊन?’ ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषास ती करावी लागली. पण त्याच १९१३ साली ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. समाजाने नाके मुरडली असतील. आज त्यांचे नाव इतिहासात आहे. पुण्याच्या सुमित्रा भावे सामाजिक कार्यातून चित्रपटाकडे आल्या आणि १९८५ च्या ‘बाई’ या लघुपटापासून त्यांनी आपल्या बायाबापड्यांचे जिणे पडद्यावर आणले. आपल्या घरातील स्त्रियांची हकीकत आपली मुलगी सांगणार नाही, तर कोण सांगणार?

यास्तव आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे की, येत्या उन्हाळ्यात शिक्षण-निधीतून ज्ञातीतील दोन होतकरू मुलांचे शिबिर-शुल्क द्यावे, आणि त्यांपैकी एक मुलगी असावी. त्यांनी केलेले लघुपट पुढील संमेलनात याच मंडपात पांढरे कापड लावून दाखवावेत. प्रथम ते आजी-आजोबांनी पाहावेत, मग जगाने पाहावयाचे की नाही ते मुलांनी व पालकांनी मिळून ठरवावे. पहिल्या लघुपटात चुका असणारच. आपण टाळ्या वाजवाव्यात आणि मग शांतपणे विचारावे, ‘बाळ, हे का कापलेस?’ त्याचे जे उत्तर मूल देईल, त्यावरून शुल्क सार्थकी लागले की नाही ते आपणांस कळेल.