रोड बाइकची रिम: टिकाऊ आणि परवडणारी



उंब्रजहून चाफळकडे सायकल काढली, की मध्येच खड्डे लागतात.
गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची भर.
हे धक्के सोसते ती चाकाची रिम.

रोड बाइकचा टायर अरुंद.
त्यात हवा कमी असली, तर रिमची कड थेट दगडावर आपटते.

मग रिम कोणती घ्यावी?
ॲल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची.
दुकानात तिला ‘डबल वॉल’ म्हणतात.

ती ओळखायची कशी?
टायर, ट्यूब आणि आतली पट्टी काढून बघा.
स्पोकची निपलं खोल भोकात बसलेली दिसली, तर भिंत दुहेरी.
निपलांची डोकी वरच दिसली, तर एकेरी.

लोखंडी रिम स्वस्त असते.
पण पावसात ओली झाली, की ब्रेक नीट धरत नाही.
कार्बनची हलकी असते, पण महाग.
रोजच्या वापराला तिची गरज नाही.

आता स्पोक मोजा.
३२ किंवा ३६ असले, की चाक दणकट.
मात्र रिमची भोकं हबच्या भोकांइतकीच हवीत.

चाक बांधल्यावर मेकॅनिककडून आऊट काढून घ्या.
थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा दाखवा.

तर लक्षात ठेवा.
ॲल्युमिनियम. दुहेरी भिंत. पुरेसे स्पोक.

आणि ब्रेक घासून रिमची बाजू खोलगट झाली असेल, तर चालढकल करू नका.
रिम लगेच बदला.