न वाचता केलेली शुद्धी
(दाजीबानपेठ, हुबळी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



साहित्याच्या अध्यापकाने पुंजसंगणकावर, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. मजकुरात चूक शिरली तर ती ओळखायची आणि काढायची कशी?

शके 1506, म्हणजे इ. स. 1584 मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना ठिकठिकाणच्या पोथ्या जमवून पाठ ताडून पाहिले. एका लेखनिकाची चूक दुसऱ्याच्या प्रतीमुळे उघडी पडते. साध्या संगणकातही हा उपाय चालतो. एका बिटाच्या तीन प्रती ठेवायच्या आणि बहुमत मानायचे.

पुंजसंगणकात ही वाट बंद आहे. त्यातला क्युबिट शून्य आणि एक या दोन्ही अवस्थांच्या संयोगात राहू शकतो. अशा अज्ञात अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे 1982 मध्ये सिद्ध झाले. शिवाय ती वाचायला जावे तर संयोग मोडतो. पोथी एकच, आणि उघडली की अक्षरे पुसली जाणार!

1995 मध्ये पीटर शोर यांनी यातून मार्ग काढला. एका क्युबिटाचा आशय त्यांनी नऊ क्युबिटांच्या परस्परसंबंधांत गुंफला. मग कोणालाही ‘तू काय आहेस’ असे विचारायचे नाही. ‘तुम्ही सारखे की वेगळे’ एवढेच विचारायचे. मोरोपंतांची आर्या तपासताना आपण याच्या जवळपास जातो. पहिल्या अर्धात 30 मात्रा हव्यात. 29 भरल्या तर अर्थाकडे न पाहताही काहीतरी गळाले हे कळते. मात्र वृत्त इतकेच सांगून थांबते. शोर यांच्या रचनेत सर्व उत्तरांची सांगड घातली की चुकीची जागाही सापडते आणि आशयाला हात न लावता ती दुरुस्त होते.

हे प्रत्यक्षात आणण्याचे एक साधन म्हणजे उदासीन, म्हणजेच विद्युतभार नसलेले अणू. निर्वात पात्रात लेसरच्या बारीक चिमट्यांत रुबिडियमचे अणू एकेक करून धरतात. चिमटा सरकवून दोन अणू जवळ आणता येतात. लेसरने त्यांना रिडबर्ग नावाच्या उच्च ऊर्जेच्या अवस्थेकडे नेले की एकाचा परिणाम शेजाऱ्यावर होतो. वरचा ‘सारखे की वेगळे’ हा प्रश्न मग तिसऱ्या, साहाय्यक अणूमार्फत विचारता येतो. 2023 मध्ये हार्वर्डच्या गटाने 280 अणूंपर्यंतच्या यंत्रावर 48 तार्किक क्युबिटांचा प्रयोग केला. त्यात प्रामुख्याने चुका ओळखून सदोष निकाल वगळले होते. चालू गणितातच प्रत्येक चूक सुधारत जाणे हे पुढचे काम आहे.

या अणूंचा एक खास दोष आहे. कधी कधी अणू चिमट्यातून निसटतोच. पण पोथी हाताळणाऱ्याला ठाऊक असते की बदललेल्या अक्षरापेक्षा तुटलेली जागा बरी, कारण ती दिसते. इथेही तसेच आहे. कोणता अणू गेला हे कळले, तर न कळलेल्या चुकीपेक्षा ती दुरुस्ती सोपी जाते.

एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी 6,003.65 कोटी रुपये मंजूर केले. पुण्याच्या आयसर संस्थेत अतिशीत अणूंवर संशोधन चालते. हुबळी-धारवाडची घरी मराठी बोलणारी मुलेही उद्या या क्षेत्रात जातील. विज्ञान मात्र ती कन्नडमधून वा इंग्रजीतून शिकतील. त्यांनी हा विषय घरी आईला सांगू नये काय? त्यासाठी नुसते पारिभाषिक कोश पुरणार नाहीत. मात्रा, पाठभेद, त्रुटित जागा हे आपले जुने शब्द कल्पनेच्या दारापर्यंत नेतात. उपमा कुठे संपते हेही मराठीतच स्पष्ट सांगता आले पाहिजे. लेखक आणि शिक्षक मिळून हे काम करू शकतात. ते आपण हाती घ्यावे, एवढीच विनंती.