पंख मिटून रस्त्याने जाणारे विमान



विमानावर व्याख्यान आहे असे कळल्यावर आज आकाशातल्या गोष्टी ऐकायला मिळणार, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत झाली असेल. माझा नाइलाज आहे. मी ज्या विमानाविषयी बोलणार आहे ते या तासाभरात बहुतेक वेळ जमिनीवरच राहणार आहे; इतकेच नव्हे, तर ते पंख मिटून, मोटारीमागच्या ट्रेलरवर बसून, ट्रकांच्या रांगेतून चाललेले असणार आहे. विमान उडते कसे हे पुष्कळांनी सांगितले आहे. ते घरी कसे न्यावे हा प्रश्न थोड्यांना पडतो. पण ज्यांना पडतो त्यांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

विमान आणि घर हे शब्द एकत्र ऐकून हसू येणे साहजिक आहे. परंतु अमेरिकेत स्वतःच्या हाताने, सुट्या भागांचा संच विकत आणून, गॅरेजमध्ये विमान जोडणारे हौशी लोक आहेत. आपल्याकडेही कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले आहे. विमान बांधून होते, आणि मग खरी अडचण पुढे येते. ते ठेवायचे कुठे? विमानतळावरच्या शेडचे भाडे दर महिन्याला भरावे लागते, आणि पुष्कळ ठिकाणी पैसे देऊनही जागा मिळत नाही. यावर तोडगा म्हणून पंख मिटणारे विमान निघाले. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १९८४ साली तयार झालेले 'किटफॉक्स' हे त्यातले एक प्रसिद्ध नाव. दोन माणसांचे विमान. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ३२ फूट. मिटले की रुंदी आठ फुटांच्या आसपास. अमेरिकेच्या मोठ्या हमरस्त्यांवर साडेआठ फूट रुंदीचे वाहन चालते, त्यामुळे हा प्राणी कायद्यात बसतो. अलीकडच्या नमुन्यांचे रिकामे वजन ७०० ते ८०० पौंड, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आगेमागे. एवढे ओझे साधी मोटार सहज ओढते. 'सहज' हा शब्द मात्र लक्षात ठेवा. पुढचे सगळे घोटाळे त्यातूनच निघतात.

ही कल्पना आजची नाही. १९२५ साली इंग्लंडात जेफ्री डी हॅविलंड यांनी 'मॉथ' हे दुपंखी विमान काढले, त्याचे पंख मागे मिटत. शेपूट मोटारीला बांधून, विमानाच्याच चाकांवर ते ओढून नेता येई. या घराण्याशी आपला चांगला परिचय आहे. १९३० साली आगाखानांच्या बक्षिसासाठी जे. आर. डी. टाटा आणि पुढे आपल्या वायुदलाचे प्रमुख झालेले अस्पी इंजिनियर हे विरुद्ध दिशांनी निघाले, तेव्हा दोघांचीही विमाने 'जिप्सी मॉथ' होती. आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जे विमान मुंबईला जुहूवर उतरवले, ते 'पस मॉथ'. त्याचेही पंख मिटत असत. अमेरिकेत मोल्टन टेलर नावाच्या गृहस्थांनी तर १९४९ साली उलटाच प्रकार केला. त्यांनी विमानाचीच मोटार केली. उतरल्यावर पंख आणि शेपूट काढायची, त्यांचाच ट्रेलर करायचा आणि मोटारीमागे लावून घरी जायचे! १९५६ साली सरकारी प्रमाणपत्रही मिळाले. पण गाड्या झाल्या त्या जेमतेम अर्धा डझन.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. विमान बळकट असते की नाजूक? दोन्ही. उडत असताना पंखाला खालून वर उचलणारा भार किती येईल, तो कोणत्या कण्यातून, कोणत्या बोल्टमधून धडापर्यंत पोचेल, याचा हिशेब करून विमान बांधलेले असते. त्या दिशेने ते विलक्षण सोसते. पण पंख मिटल्यावर काय होते ते पाहा. पंखाच्या पुढच्या कण्याची खीळ काढली की पंख मागच्या कण्याच्या एका बोल्टाभोवती आणि आधारदांड्याच्या खालच्या सांध्याभोवती फिरून मागे जातो, आणि शेपटीच्या वर आडवा राहतो. उडताना जो भार अनेकांनी वाटून घ्यावा, तो आता एकदोघांवर आला. शिवाय दिशाही बदलली. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पंखाला खाली आपटतो, वर उडवतो, बाजूला हिसडतो. एकदा नव्हे, मैलामागून मैल. बोल्टाचे भोक गोल असते ते हळूहळू लांबट होऊ लागते. आवाज होत नाही, काही तुटत नाही, गाडी हाकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ही जखम रस्त्यावर होते आणि तिचा जाब आकाशात विचारला जातो.

म्हणून पंखाचे ओझे त्या बोल्टावर सोडायचे नाही. पंखाच्या टोकाकडच्या भागाखाली ट्रेलरवरूनच उभारलेला पाळणा हवा. तो पंखाच्या कण्याखाली आणि फासळीखाली यावा, नुसत्या कापडाखाली नव्हे. पाळण्याला गादी लावतात ती मऊ असली म्हणजे झाले असे लोक समजतात. पण या विमानांच्या पंखांवर पॉलिएस्टरचे ताणलेले कापड असते. मऊ गादीत रस्त्याची धूळ बसली की तिचा पॉलिश पेपर होतो, आणि दोनशे मैलांत ती कापडावरचा लेप घासून काढते. गादी दर वेळी झटकावी, आणि पंख तिच्यावर सरकणार नाही इतपत पट्टा आवळावा. इतपतच. पट्टा दात-ओठ खाऊन आवळणारे लोक असतात. ते फासळ्या मोडतात.

धडाचेही तसेच. ट्रेलर रस्त्यावर पिळवटतो. विमानाचे धड त्याला चारी बाजूंनी करकचून बांधले, तर त्या पिळाचा वाटा धडाला उचलावा लागतो. मी तरी चाकांपाशी आणि शेपटीच्या चाकापाशी घट्ट बांधावे, वरच्या अंगाला त्याच्या स्वतःच्या स्प्रिंगांवर थोडे हलू द्यावे, या मताचा आहे. याविरुद्ध मत असणारे अनुभवी लोक आहेत, हेही सांगतो. पण एका बाबतीत दुमत नाही: मॉथच्या काळाप्रमाणे विमानाच्या स्वतःच्या चाकांवर हमरस्त्याने ते ओढू नये. ती चाके धावपट्टीवर काही शे यार्ड धावण्यासाठी असतात. तासन् तास फिरवली तर बेअरिंगे तापतात.

ट्रेलरही विचार करून निवडावा. साडेतीन हजार पौंडांच्या ओझ्यासाठी केलेल्या ट्रेलरवर साडेसातशे पौंडांचे विमान ठेवले तर स्प्रिंगा दबतच नाहीत. भरलेली एस. टी. आणि रिकामी एस. टी. यांतला फरक मागच्या बाकावर बसलेल्यांना सांगायला नको. 'मजबूत' ट्रेलर घेऊन विमानाची हाडे खिळखिळी करणारा मनुष्य आपण फार काळजी घेत आहोत अशा समाधानात असतो.

ओझे ट्रेलरवर कुठे ठेवावे, याबद्दल मला शहरवासीयांपेक्षा खेड्यातून आलेल्या मंडळींना कमी सांगावे लागेल. बैलगाडीत माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलते. पुढे जास्त झाला तर धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर येते. ट्रेलरचे हुबेहूब तेच. ट्रेलर आणि विमान यांच्या एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा मोटारीच्या हुकावर यावा असा संकेत आहे. दोन हजार पौंडांचे एकूण ओझे असेल, तर हुकावर २०० ते ३०० पौंड. याहून कमी झाले की ट्रेलर उलाळ होतो. आणि बैलगाडी उलाळ झाली तर बैल थांबतो, मोटार थांबत नाही. एका विशिष्ट वेगाला ट्रेलरची शेपूट डावीकडे-उजवीकडे हेलकावे घेऊ लागते, प्रत्येक हेलकावा मागच्यापेक्षा मोठा, आणि शेवटी शेपूटच मोटारीला फिरवते. अशा वेळी घाबरून मोटारीचा ब्रेक दाबणे हे सर्वांत वाईट. सुकाणूचक्र सरळ धरून पाय पेट्रोलवरून काढावा. ट्रेलरला वेगळा ब्रेक असेल आणि तो हाताने लावता येत असेल, तर तेवढाच लावावा. वेग वाढवला की हेलकावे जातात असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये.

येथे पंख मिटण्याची एक गंमत आहे. पंख मागे गेले की विमानाचा वजनाचा मध्यही मागे सरकतो. नाकाखाली चाक असलेले विमान पंख मिटता मिटता मटकन शेपटीवर बसू शकते. म्हणून आधी शेपटीला टेकू, मग पंखाला हात. आणि ट्रेलरवर त्याची जागा पंख पसरलेल्या विमानाच्या हिशेबाने नव्हे, मिटलेल्याच्या हिशेबाने ठरवावी. अंदाज करण्यापेक्षा हुकाखाली वजनकाटा ठेवून पाहणे सोपे.

आता वारा. ताशी ६० मैलांच्या वाऱ्यापुढे एखादी फळी आडवी धरली, तर तिच्या प्रत्येक चौरस फुटावर सुमारे नऊ पौंडांचा दाब येतो. ३० मैलांना तो सव्वादोनच पौंड असतो. वेग दुप्पट, दाब चौपट. आणि किटफॉक्ससारखे विमान ताशी ४० मैलांच्या आसपासच जमीन सोडू शकते. म्हणजे हमरस्त्यावर आपण त्याला उडायला पुरेल त्याहून जास्त वारा देत असतो, तोही पंख बांधून आणि भलत्या बाजूने! समोरून मोठा ट्रक गेला की वर एक थप्पड. पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, शेपटीचे सुकाणू, हे सगळे या वाऱ्यात फडफडतात आणि बिजागऱ्या खातात. पुष्कळजण आतला दांडा आसनाच्या पट्ट्याने बांधून निश्चिंत होतात. पण त्याने फडफडीचा सारा मार तारांना आणि दांड्यांना बसतो. बाहेरून, त्या पट्टीलाच चाप लावून ती जागच्या जागी धरावी. विमान उलटे, म्हणजे शेपूट पुढे करून नेत असाल तर हे दुप्पट महत्त्वाचे, कारण तेव्हा वारा या पट्ट्यांत मागून शिरतो. पंखाही बांधावा, नाहीतर तो वाऱ्याने फिरत राहतो. टाक्या पंखांत असतील तर रिकाम्या कराव्या. पेट्रोल हिंदकळते, गळते आणि पाळण्यावरचे ओझेही वाढवते.

बाकीच्या गोष्टी कोणत्याही ट्रेलरच्या आहेत: जोडसाखळ्या हुकाखालून एकमेकींवरून तिरप्या न्याव्या, म्हणजे हुक सुटला तर दांडा त्यांच्या झोळीत पडतो, मागचे दिवे, बाहेर आलेल्या टोकाला लाल फडके. पण एक सवय सांगतोच. निघाल्यावर पहिल्या दहा-बारा मैलांत गाडी बाजूला घेऊन सगळे पट्टे हाताने पाहावेत. नवे पट्टे या पहिल्या टप्प्यातच ढिले होतात. त्याच वेळी ट्रेलरच्या चाकांच्या मध्याशी हात लावावा. एक चाक दुसऱ्यापेक्षा गरम लागले तर त्याचे काही ऐकून घेण्यासारखे आहे.

समजा, विमान सुखरूप पोचले. पंख पसरायचे. प्रवास संपला असे वाटते ना? खरा धोका येथे आहे. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ज्यांनी ग्लायडर पाहिली असतील त्यांना ठाऊक असेल, की हे बिनइंजिनाचे विमान दूरच्या शेतात उतरले तर सुटे करून ट्रेलरवरून आणावे लागते. युरोपात तर १९२० पासून ग्लायडरांच्या शर्यती चालल्या आहेत, आणि सोडणे-जोडणे हा त्यांचा नित्याचा व्यवहार. या दीर्घ इतिहासात एकच अपघात पुन्हापुन्हा घडला आहे: जोडताना एखादा सांधा राहिला, किंवा बसल्यासारखा दिसला आणि बसला नाही. माणसे अनुभवी, दिवस चांगला, विमान नवे. आणि जमीन सोडल्यावर दांडा हलवला तर शेपूट ऐकत नाही.

म्हणून त्यांनी एक रीत घातली आहे. एकजण आत बसून दांडा हलवतो. दुसरा बाहेर त्या त्या पट्टीला हाताने घट्ट धरून विरोध करतो. आतल्याला तो विरोध जाणवला पाहिजे. नुसती पट्टी हलली एवढे पाहून भागत नाही, कारण अर्धवट टेकलेला सांधाही बिनओझ्याने हलतो. पंख मिटणाऱ्या विमानालाही हीच रीत लावावी. त्याआधी मुळाशी पाहावे: खीळ आपल्या जागी सहज गेली का? हातोडीने ठोकावी लागत असेल तर भोके समोरासमोर नाहीत, आणि का नाहीत ते शोधायचे आहे, ठोकायचे नाही. फारच सैल गेली तर तेही वाईट. रस्त्याने आपला कर वसूल केला आहे. मग पंखाच्या टोकाला धरून पुढे-मागे हलवावे. मुळाशी केसाएवढी ढिलाई असली तर ती टोकाशी कितीतरी पट मोठी होऊन हाताला लागते. खिळीच्या टोकातली बारीक पिन डोळ्यांनी पाहावी आणि बोटानेही चाचपावी.

या कामात कोणी गप्पा मारायला आले तर त्यांना नमस्कार करून दूर बसवावे. विमान जोडणाऱ्याभोवती बघे फार जमतात, आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचा मोह त्याला आवरत नाही. मध्येच बोलणे झालेच, तर जिथे थांबलो तिथून पुढे जायचे नाही. पहिल्या खिळीपासून पुन्हा सुरुवात करायची. पाळण्याच्या गाद्या आणि बाहेरचे चाप मोजून गाडीत टाकायचे, आणि संख्या जुळली की मगच टाक्यांत पेट्रोल ओतायचे.