कॅपॅसिटर कुठून आणावा?



कॅपॅसिटर या विषयाला एवढी मंडळी आलीत, म्हणजे बऱ्याच घरांतले पंखे हळू फिरत असावेत! पंख्याचं सोपं आहे. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन अडीच मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बदलतो, विषय संपतो. पण भोसरीत किंवा अंबडला शेड घेऊन इन्व्हर्टर बनवणाऱ्या उद्योजकाचं काय?

तो आधी लॅमिंग्टन रोड गाठतो. पुण्याचा असेल तर तपकीर गल्ली. पहिला नमुना आणि दुरुस्ती यांसाठी या बाजारांना तोड नाही. दोन नग मागा, दोनच मिळतात. उत्पादनासाठी हजारो नग घेताना मात्र भावाआधी एक प्रश्न विचारा : माल आला कुठून? कंपनीकडून अधिकृत वितरकाकडे आणि तिथून आपल्याकडे, ही सरळ वाट. आडवाटेनं कारखान्यात उरलेला माल येतो, जुन्या बोर्डावरून उतरवलेला येतो आणि छपाई पुसून नवी केलेलाही येतो. अमेरिकी सिनेटच्या समितीनं २०१२च्या अहवालात लष्करी पुरवठ्यातल्या संशयित बनावट भागांची सुमारे १८०० प्रकरणं मांडली; त्यांत दहा लाखांहून जास्त नग होते. तिथं ही गत, तर आपण बिल, लॉट नंबर आणि डेट कोड मागायला का लाजायचं?

स्वस्त माल पहिल्या दिवशी उत्तम चालतो, हीच खरी अडचण. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरच्या डेटाशीटवर ‘१०५ अंशांना २००० तास’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे सलग चालवला तर तीन महिनेसुद्धा नाहीत. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. ६५ अंशांना ते ३२,००० तासांवर जातं. ८५ अंशांचा कॅपॅसिटर १०५चा म्हणून गळ्यात पडला, तर हा सगळा हिशेब कोसळतो. मायक्रोफॅरड मोजून ही फसवणूक कळत नाही. या शतकाच्या सुरुवातीला सदोष द्रावणाचे कॅपॅसिटर संगणकांच्या मदरबोर्डवर फुगले, गळले. डेल कंपनीला २००५मध्ये त्यापायी तीस कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.

दुसरा धोका टंचाईचा. फिल्म कॅपॅसिटर आपल्या नाशकात बनतात, इलेक्ट्रोलिटिक केरळात केल्ट्रॉन बनवतं. पण बहुपदरी सिरॅमिक कॅपॅसिटरसाठी डोळे मुख्यतः जपान, कोरिया, तैवान, चीनकडेच लागतात. २०१८मध्ये त्यांची जगभर चणचण झाली. ज्यांनी एकाच कंपनीचा एकच पार्ट नंबर धरला होता, ते अडकले. म्हणून सर्किट आखतानाच प्रत्येक भागाला दोन पर्याय तपासून यादीत लिहा. बोर्डावरची जागाही दोन्ही मापं बसतील अशी ठेवा.

माझं सांगणं एवढंच, की पुरवठादार शोधण्याचं काम डिझाइनच्या टेबलावर सुरू होतं. तिथं दोन पर्याय ठरले, मालाची वाट कळली, की मग खुशाल घासाघीस करा. त्यात आपल्याला कुणाच्या व्याख्यानाची गरज नाही!