श्रोत्रेंद्रियाचे रक्षण
(डोंगरकडा येथे सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले आरोग्यविषयक व्याख्यान)



जैन दर्शनात जीवांचे भेद इंद्रियांवरून सांगितले आहेत. स्पर्श, रसना, घ्राण, चक्षू आणि शेवटी श्रोत्र. जिनवाणीचे श्रवण करतो तो श्रावक. ज्या समाजाचे नावच श्रवणावरून पडले, त्याने आपल्या बालकांच्या कानांची चिंता वाहणे हे धर्मकार्यच होय.

बालकाचे कान सर्दीने किंवा कान फुटल्याने बिघडतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु रक्तवाहिन्यांना येणाऱ्या दाहानेही ऐकणे आणि तोल बिघडू शकतो, याची जाणीव फारशी नसते. अशा विकारांपैकी बालवयात विशेष आढळणारा विकार म्हणजे कावासाकी. जपानचे बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ मध्ये याचा पहिला रुग्ण पाहिला आणि १९६७ मध्ये पन्नास बालकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कोरोनाच्या साथीत, २०२० मध्ये, मुंबईच्या बालरुग्णालयांत या विकाराशी साम्य असलेला आजार दिसला, तेव्हा हे नाव महाराष्ट्रात अनेकांच्या कानी पडले.

हा विकार मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांना होतो. पाच दिवसांहून अधिक चढा ताप, चिपडे न येता लाल झालेले डोळे, फुटलेले ओठ, लालभडक जीभ, अंगावर पुरळ, हातापायांना सूज, मानेत गाठ आणि पुढे बोटांच्या टोकांची साल निघणे, ही त्याची लक्षणे. घरात गोवर समजून वाट पाहिली जाते आणि मोलाचे दिवस निघून जातात. इम्युनोग्लोब्युलिन हे शिरेतून द्यावयाचे औषध पहिल्या दहा दिवसांत मिळाले, तर हृदयाच्या धमन्यांना फुगवटा येण्याचा धोका पुष्कळ घटतो. उपचाराविना सुमारे चौथा हिस्सा बालकांना तो धोका असतो.

हृदयाची तपासणी बहुधा होते. कान मात्र विसरले जातात. आपल्या केळीच्या बागेत ठिबकची नळी तुंबली, तर त्या झाडाला दुसरीकडून पाणी पोचत नाही. अंतर्कर्णाचेही तसेच आहे. ऐकण्याची शंखाकृती नलिका आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकाच बारीक धमनीवर पोसल्या जातात. तिला इजा झाली, तर पर्यायी वाट नाही. कावासाकीनंतर काही बालकांना कमी ऐकू येते. पुष्कळांचे ते पुढे सुधारते, काहींचे मात्र कायम राहते. उपचारात मोठ्या मात्रेने दिलेल्या ॲस्पिरिननेही कानांत आवाज येऊ शकतो वा ऐकणे मंदावू शकते. म्हणून ते औषध पालकांनी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

लहान मूल 'मला ऐकू येत नाही', 'चक्कर येते' असे सांगत नाही. ते हाकेला वळत नाही, शब्द चुकीचे उच्चारते, चालता चालता पडते, अंधारात आईला घट्ट धरते, पायऱ्यांना भिते. अशा मुलाला घरात हट्टी आणि पाठशाळेत मंद म्हटले जाते. णमोकार मंत्र म्हणताना जे बालक मागे पडते, त्याला रागावण्यापूर्वी त्याचे कान तपासून घ्यावेत.

या तपासण्या वेदनारहित आहेत. मूल झोपलेले असतानाही कानाचा प्रतिसाद आणि श्रवणमार्गाचे संदेश यंत्राने नोंदविता येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासतात. त्यांना आजाराची पूर्वकथा अवश्य सांगावी. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवणदोषांवर कार्य करीत आहे. वेळेवर श्रवणयंत्र मिळाले आणि वाचाशिक्षण सुरू झाले, तर बालकाची भाषा वाचते.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. पाच दिवसांहून अधिक ताप असलेल्या बालकाला बालरोगतज्ज्ञाकडे पोचविणे आणि बरे झाल्यावर त्याच्या हृदयाबरोबर कानांचीही तपासणी करविणे, यात औषधदान आणि अभयदान दोन्ही साधतात. आणि ऐकू येणाऱ्या बालकालाच पुढे शास्त्रदान पोचते. सुवर्णमहोत्सवाच्या या शुभप्रसंगी प्रत्येक घराने एवढा संकल्प करावा.

जय जिनेंद्र!