थंडीत जनरेटर चालवताना



निफाड भागात पौषातल्या थंडीत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा वेळी पहाटे द्राक्षबागेला विहिरीचं पाणी देतात. हे पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्यानं बागेतला गारठा कमी होतो. पण नेमकी तेव्हाच वीज गेली, की विहिरीवरच्या लहान मोटरची सारी भिस्त पेट्रोलच्या जनरेटरवर. आणि तो सुरू होत नाही!

कारण साधं आहे. गारठ्यानं ऑइल घट्ट होतं, पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून तयारी आदल्या संध्याकाळीच करावी. थंडीसाठी पुस्तिकेत सांगितलेलंच ऑइल घालावं. इंजिन निवल्यावर टाकी भरावी. अर्ध्या टाकीत दव धरून पेट्रोलमध्ये पाणी उतरतं. स्पार्क प्लगची काजळी साफ करावी.

पहाटे चोक लावून, मोटर न जोडता इंजिन सुरू करा. तीन-चार मिनिटं तापू द्या, चोक काढा, मगच मोटर जोडा. इंजिनाखाली जाळ मात्र कधीच करू नका.

सर्वांत महत्त्वाचं! गारठा आहे म्हणून जनरेटर घरात, पडवीत किंवा बंद खोलीत चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. माणूस झोपेतच दगावतो. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब, मोकळ्यावर ठेवा. डोकं दुखलं, चक्कर आली, तर लगेच मोकळ्या हवेत या आणि दवाखाना गाठा.

बाग पुढच्या हंगामात सावरेल, गेलेलं माणूस परत येत नाही.