अजिंठ्याच्या वाटेवरची झाडे

(वर्षावासानिमित्त दिलेले भाषण)



फाल्गुनातल्या सहलीत आम्ही अजिंठ्याला गेलो, तेव्हा नेहमीच्या रस्त्याने न जाता लेणापूरकडील डोंगरावरून पायवाटेने वाघूर नदीकडे उतरलो. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या निमित्ताने ही लेणी दिसली. आमचे लक्ष मात्र लेण्यांआधी झाडांनीच वेधून घेतले.

उतारावर पळस फुलला होता. पान एक नाही, नुसता केशरी! एका विद्यार्थ्याला तो ओळखताच आला नाही. त्याने पळस पाहिलेला पावसाळ्यातला, पत्रावळीच्या पानांचा. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण तोंडपाठ, पण झाड अनोळखी. आम्ही त्याला हसलो नाही. किंसुकोपम जातकात राजाच्या चार पुत्रांचे असेच होते. सारथी त्यांना वेगवेगळ्या वेळी पळस दाखवतो. एकाला तो जळक्या खुंटासारखा वाटतो, दुसऱ्याला वडासारखा, तिसऱ्याला मांसाच्या तुकड्यासारखा, चौथ्याला शिरीषासारखा. चौघांनीही पाहिले ते खरेच होते. कोणत्या ऋतूत पाहिले, हे विचारायचे मात्र ते विसरले.

पुढे ओढ्याकाठी उंबर लागला. उंबराचे फूल रात्री फुलते आणि ते पाहणारा राजा होतो, असे आमच्या आज्या सांगत. आम्ही एक उंबर फोडून मुलांना दाखवला. आपण ज्याला फळ म्हणतो, त्याच्या पोटातच शेकडो बारीक फुले दाटलेली असतात आणि एक इवलासा कीटक आत शिरून परागीकरण करतो. सुत्तनिपाताच्या अगदी पहिल्या सुत्तातही उंबरावर फूल शोधणाऱ्याची उपमा आहे. म्हणजे आजीची गोष्ट किती जुन्या मुळाची, पाहा.

२२ क्रमांकाचे लेणे लहान आहे. तेथे भिंतीवर सात मानुषी बुद्ध आणि मैत्रेय रंगवलेले आहेत, आपापल्या बोधिवृक्षाखाली. ककुसंधाचा शिरीष, कोणागमनाचा उंबर, कस्सपाचा वड आणि गौतमाचा पिंपळ. आपण एकच वृक्ष ओळखतो, बाकीचे विसरलो.

परतताना संध्याकाळ झाली. वस्तीजवळ एका पिंपळाखाली सगळे टेकले, पण आमच्यातील एक वृद्ध उपासिका उभ्याच राहिल्या. दर पौर्णिमेला बोधिवृक्षापुढे मेणबत्ती लावणाऱ्या या बाई! विद्यार्थी म्हणाले, “आजी, मुंजाला भिता काय?” पिंपळाचे देठ लांब असते, म्हणून जराशा वाऱ्यानेही पान सळसळते, हे आम्हीही घाईघाईने समजावून सांगितले. (त्याच विद्यार्थ्यांपैकी दोघांचा पिंपळ रात्री प्राणवायू सोडतो यावर ठाम विश्वास होता. उजेडाशिवाय कोणतेही झाड प्राणवायू तयार करत नाही. नवी समजूत शाळेतून आली, एवढाच फरक.)

बाईंनी शांतपणे सांगितले, “आमच्या गावच्या पारावर आपल्या माणसाला बसता येत नव्हतं. मी लहान. आई म्हणायची, तिकडं जाऊ नको, मुंजा धरील. मुंजा नव्हताच तिथं. पारावर कोण बसलेलं असायचं, ते पोरीला कसं सांगावं, म्हणून ती मुंजाचं नाव घ्यायची.”

कोणी काही बोलले नाही. १९५६ नंतर आपण भुताखेतांच्या गोष्टी टाकून दिल्या आणि ते योग्यच केले. परंतु टाकताना या गोष्टीत त्या आईने काय लपवले होते, हे आम्ही आजवर विचारले नव्हते. असे विचारण्याजोगे म्हातारे आता थोडेच उरले आहेत. विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुटीत गावी जाऊन झाडांच्या गोष्टी लिहून आणाव्यात, आणि गोष्ट कोणी, कोणाला, कधी सांगितली तेही लिहावे.

मग बाई पारावर बसल्या. बराच वेळ बसल्या. शेवटची बस चुकता चुकता राहिली.

विहाराच्या आवारात पिंपळ आहेच. शिरीष, उंबर आणि वड यांची रोपे आणून ठेवली आहेत. वड कुंपणापासून लांबच लावावा लागेल. खड्डे खणायला रविवारी सकाळी सात वाजता यावे, कुदळी घरून आणाव्यात.